पाठीवरची झोप

पाळणाघराच्या जिन्यावर पाय ठेवला की बाईचं नाव गळून पडतं. खाली सायकलच्या दुकानापर्यंत ती कुणीतरी असते, कचेरीत तिच्या नावाची पाटी असते. पण वर पोचेपर्यंत तिची जुळ्यांची आई होते, नाहीतर रडक्याची आई, नाहीतर ‘ती रोज उशिरा येते ना, ती’. तशीच ही चिमणीची आई. चिमणी आठ महिन्यांची. चोचीएवढं तोंड म्हणून चिमणी. रडायला लागली की मात्र चिमणी कसली, कावळ्यांची शाळा.

पाळणाघर काकूंचं. त्या थोड्या जाड, थोड्या करड्या, आणि हिशेबाला पक्क्या: कुणाचं मूल किती वाजता काय प्यायलं हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. त्यांच्या हाताखाली नवी होती. नवीला तिथे लागून सहा वर्षं झाली होती. जी कुणी जुनी होती ती कधीच सोडून गेली, पण नवी ती नवीच राहिली. बोबडी पोरंसुद्धा तिला ‘नवीमावची’ म्हणत.

नवी पलीकडची होती. गेल्या काही वर्षांत सीमेपलीकडून बरीच माणसं या गावात येऊन गिरणीमागच्या वस्तीत राहिली होती, त्यांतली एक. पण तिच्याकडे बघून हे कुणी ओळखलं असतं तर शपथ. केस इथल्यासारखे कापलेले, कपडे इथले, आणि भाषा तर अशी की काकूंचा नातू अडला की तिला विचारायचा. पलीकडची एकही गोष्ट तिच्या अंगावर दिसायची नाही. ‘वाटतच नाही हो तू पलीकडची आहेस,’ असं बायका तिच्या तोंडावर म्हणत आणि आपण केवढी मोठी गोष्ट दिली अशा आनंदात जिना उतरत. नवी हसून मान खाली घालायची.

जिना उतरल्यावर फाटकाशी जी बसलेली असे, तिच्याबद्दल मात्र असं कुणी म्हणालं नसतं. ती नवीची थोरली जाऊ. फुटपाथवर चादर पसरून मोजे, रुमाल, केसांच्या पिना विकायची. पलीकडचा घोळदार झगा, पलीकडचा डोक्याचा रुमाल, पाठीवर फडक्यात बांधलेलं पोर, आणि रस्त्यापलीकडच्या बाईशी आपल्या भाषेत मोठमोठ्याने गप्पा. बायका तिच्याकडून मोजे घेत आणि चार पावलांवर गेल्या की कुजबुजत, इतकी वर्षं झाली तरी काही शिकायचं म्हणून नाही. काकू लगेच खुलासा करत, आमच्या नवीचा आणि तिचा काही संबंध नाही हो. ते खरंच होतं. नवी रोज सकाळी आणि संध्याकाळी सख्ख्या जावेच्या चादरीवरून अशी जायची, की वाटावं तिथे चादर नाही, नुसता फुटपाथ आहे. जाऊही मान वर करत नसे. चिमणीच्या आईला ते एकदा दिसलं आणि काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं. पण तिला उशीर झाला होता, आणि उशीर झालेल्या माणसाला ओठांवर आलेलं गिळून टाकावं लागतं.

तिची नोकरी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत. अजून कायम झालेली नव्हती. त्यात चिमणीचा कान दुखायला लागला. कान बरा झाला, पण झोप गेली ती गेलीच. पाळण्यात ठेवली की ती अंग ताठ करून निळी पडेपर्यंत रडायची, आणि तिच्या नादाने सगळी खोली. काकूंनी दोनदा गोड शब्दांत सुचवलं, की काही मुलांना घरच लागतं. घरी कोण होतं? सासूबाईंचे गुडघे गेलेले. नातीला त्या मांडीवर घ्यायच्या, मालिश करायच्या, पण उचलून दोन पावलं टाकायची म्हटली तर भिंत धरावी लागे. आणि रात्रीच्या जागरणाने चिमणीच्या आईने एक दिवस एका म्हाताऱ्याच्या नळीवर दुसऱ्याची चिठ्ठी चिकटवली. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, पुन्हा असं झालं तर मला नाइलाज आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत पाळणाघराकडे धावली. जिन्यात रडणं ऐकू आलं नाही. एरवी आईला शांततेने बरं वाटावं, पण ही शांतता ऐकून ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत चढली. काकू त्या वेळी शेजारी आपल्या घरी जेवायला जात. तिने दार ढकललं. पाच पाळण्यांत पाच मुलं झोपलेली. सहावा पाळणा रिकामा.

मोरीशी नवी पाठमोरी उभी राहून बाटल्या विसळत होती. तिच्या पाठीवर, धुऊन धुऊन मऊ झालेल्या एका निळ्या फडक्यात, चिमणी झोपली होती. गाल नवीच्या पाठीला चेपलेला, तोंड उघडं, लाळेचा एक ओला डाग. नवी डाव्या पायावरून उजव्यावर भार टाकायची आणि ते सगळं बोचकं हळूच डुलायचं.

नवीने मागे वळून पाहिलं आणि तिच्या हातातली बाटली मोरीत पडली. काकूंना सांगू नका, एवढंच ती म्हणाली. मग भराभर, दबलेल्या आवाजात सांगू लागली, की काकूंनी कामावर घेतानाच बजावलं होतं, तुमचं जे काय असेल ते जिन्याखाली ठेवून यायचं. बोलणंही आणि फडकंही. सहा वर्षांत तिने कधीच नाही केलं. स्वतःच्या मुलालासुद्धा कधी पाठीवर घेतलं नाही. लोकांनी त्याच्याकडे बघून ‘बांधलेलं पोर’ म्हणू नये म्हणून तिने त्याला इथल्यासारखं पाळण्यात रडू दिलं होतं. पण आज चिमणी निळी पडायला लागली, आणि खिडकीतून खाली बघितलं तर जावेच्या पाठीवरचं पोर डुलक्या घेत होतं.

“मी सोडते तिला,” नवी म्हणाली आणि छातीवरच्या गाठीला हात घातला.

“नको,” चिमणीची आई म्हणाली. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. कित्येक दिवसांत तिने ते तोंड इतकं सैल पाहिलं नव्हतं. “राहू दे. रोज बांध. मी कुणाला सांगत नाही.”

मग दारापर्यंत जाऊन ती परत आली, आणि शहाणपणाचं म्हणून आणखी एक वाक्य बोलली.

“दुपारी कडी लावून घेत जा आतून. कुणी आलं तर सोडायला वेळ मिळेल.”

*

महिनाभर सगळं सुखाचं झालं. दिवसा पोटभर झोपलेली चिमणी रात्रीही झोपू लागली. प्रयोगशाळेत नळ्या आणि चिठ्ठ्यांची गाठ नीट पडू लागली. सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं, बघा, माझ्या हातच्या मालिशीचा गुण. सुनेने मान डोलावली. श्रेय द्यायला तिचं काय जात होतं?

संध्याकाळी मूल हातात देताना आता नवी दोन शब्द जास्त बोलायची. एकदा ती चिमणीचे मोजे चढवत हसत म्हणाली, “आता तुमच्याशी भांडायची सोय राहिली नाही मला.”

“का गं?”

“आमच्यात ज्या बाईचं पोर पाठीवर घेतलं, तिच्याबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. पोर चालायला लागेपर्यंत. काढला तर म्हणे पोर पाठीवर धोंड्यासारखं जड होतं.”

चिमणीची आई हसली. म्हणाली, मग हिला उशिरा चालू दे बाई, तेवढीच मला सवड. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की सहा वर्षांत ‘आपल्याकडे’ म्हणणारी नवी आज ‘आमच्यात’ म्हणाली. नवीच्याही ते लक्षात आलं असावं. तिने पटकन इकडेतिकडे पाहिलं आणि दुसऱ्या मुलाचं टोपडं शोधायला गेली.

त्याच सुमारास काकूंनी जाहीर केलं होतं, की पुढच्या महिन्यापासून त्या लेकीकडे राहायला जाणार आणि पाळणाघर नवी बघणार. बायका म्हणाल्या, छानच की, आपल्यातलीच तर आहे. फक्त जुळ्यांच्या आईने, ‘सगळंच तिच्याकडे?’ असं विचारलं होतं. पण ते तिने हसून विचारलं होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

*

गुरुवारी दुपारी चिमणीची आई नळ्या यंत्रात लावत होती, तेव्हा खिशातला फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. पालकांच्या ग्रुपवर जुळ्यांच्या आईने लिहिलं होतं. तिची कचेरी लवकर सुटली, म्हणून ती मुलांना न्यायला आली, तर भर दुपारी दाराला आतून कडी. वाजवून वाजवून हात दुखले तरी उघडेना. शेवटी गॅलरीच्या खिडकीतून डोकावली, तर चिमणीला फडक्याने पाठीला करकचून बांधलेलं, आणि नवी घाईघाईने गाठी सोडतेय. खाली ओळींवर ओळी येत होत्या. बापरे. कडी कशाला? अजून कुणाकुणाला बांधलं असेल? माझा परवा रडत होता तो त्यामुळेच. आणि प्रत्येक चार ओळींनंतर कुणीतरी विचारत होतं: चिमणीची आई, तुम्ही ठीक आहात ना?

ती ठीक नव्हती. तिने ‘मी येते’ एवढं लिहिलं. दुसरं वाक्य लिहायला घेतलं, ‘मीच सांगितलं होतं’ असं, आणि अंगठा वरच्या वर राहिला. यंत्र गरगरत होतं. काचेपलीकडून साहेब बघत होते. तिने फोन खिशात टाकला आणि स्वतःला सांगितलं, अशा गोष्टी लिहून कळत नाहीत, समोर सांगेन. सबब चांगली होती. सबबी चांगल्याच असतात.

संध्याकाळी सहाला काकूंनी सगळ्यांना बोलावलं. सासूबाईही हट्टाने आल्या, जिन्याच्या पायरीपायरीवर थांबत. बाहेर चपलाबुटांचा ढीग, आत मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. एरवी हसू आलं असतं. मधल्या टेबलावर ते निळं फडकं पडलं होतं, चोरीचा माल ठेवावा तसं. नवी मोरीशी उभी होती, हात पुढे बांधून.

चिमणीच्या आईला सगळ्यांनी वाट करून दिली. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी पाणी दिलं. तिने पेला तसाच खाली ठेवला.

जुळ्यांची आई आधी बोलली, आणि खरं तर ती वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. दार वाजवताना आपला जीव कसा झाला ते सांगताना तिचा आवाज खरोखर कापत होता. आतून मुलांचा आवाज नाही, दार उघडत नाही, काय काय डोक्यात येतं माणसाच्या. कोपऱ्यातले चष्मेवाले बाबा म्हणाले, आपल्याला कुणाच्या पद्धतीबद्दल काही म्हणायचं नाही, ज्याची त्याची पद्धत. लपवण्याबद्दल आहे.

“तेच तर,” जुळ्यांची आई म्हणाली. “सहा वर्षं आपल्यासारखं बोलली, आपल्यासारखं राहिली. आपण म्हटलं, आपलीच आहे. आणि कडी लावली की आत हे. म्हणजे सहा वर्षं नाटकच ना? त्यापेक्षा ती खालची मोजेवाली परवडली. निदान दिसते तशी तरी आहे.”

दोघीतिघींनी माना हलवल्या. चिमणीच्या आईला आठवलं, मोजेवालीबद्दल याच बायका गेल्या आठवड्यात याच खोलीत काय म्हणाल्या होत्या. शिकली नाही म्हणून ती वाईट, शिकली म्हणून ही खोटी. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. बोलावं, आत्ता बोलावं, असं तिला वाटलं. बोललं तर काय? काकू म्हणतील, न्या तुमची मुलगी. सासूबाई म्हणतील, घरी बस. उद्या प्रयोगशाळेत कोण जाणार? आणि या बायका, ज्यांचे हात आत्ता तिच्या पाठीवर होते, ते हात हळूच काढून घेतील. ते तर आत्ताच जाणवत होतं, गार वारा लागावा तसं.

काकू इतका वेळ फडक्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, हरल्याचा होता. ‘वाटतच नाही पलीकडची’ हे इतकी वर्षं लोकांनी नवीला ऐकवलं, तरी मनातून ती शाबासकी काकूंनी स्वतःच्याच खात्यावर जमा केली होती.

“मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” त्या नवीला म्हणाल्या. “मग हे कुणाच्या सांगण्यावरून केलंस?”

चिमणीच्या आईने खालचा ओठ दातांत धरला. आता ही माझ्याकडे बघेल, तिला वाटलं. बघावं तिने. बघितलं की सुटले मी.

नवीने बघितलं नाही.

“कुणाच्याच नाही,” ती म्हणाली. “माझं मीच.”

“आणि कडी?”

“ती पण मीच.”

बाकीच्यांना तो उद्धटपणा वाटला. कुणीतरी ‘बघा’ म्हणालं. त्या उत्तरात काय होतं ते खोलीत एकाच बाईला कळलं, कारण मोजे चढवता चढवता हसत हसत ते एकाच बाईला सांगितलं गेलं होतं. चिमणी अजून चालत नव्हती. साधी टेकून उभीसुद्धा राहत नव्हती.

आणि त्याच वेळी, आईच्या मांडीवर, चिमणीने तोंड उघडलं.

दुपारची झोप अर्धवट मोडलेलं मूल संध्याकाळी कसं रडतं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. आईने उभं राहून झुलवलं. सासूबाईंनी मांडीवर घेऊन थोपटलं. काकूंनी अनुभवी हातांनी पाळण्यात ठेवून झोका दिला, तर चिमणी धनुष्यासारखी ताठ झाली आणि आवाजाने खिडकीची काच वाजायला लागली. बोलणंच खुंटलं. सगळे मुलीकडे बघत होते. चिमणीची आई मात्र नवीकडे बघत होती. नवीचे बांधलेले हात सुटले होते. ते आपोआप मागे गेले, पाठीवर, जिथे मूल असतं तिथे, आणि रिकाम्या जागेवर थांबले. मग तिने ते परत पुढे आणून एकमेकांत घट्ट धरले.

चिमणीच्या आईने पाळण्यातून मुलगी उचलली. टेबलावरचं फडकं घेतलं. दुधाचा आणि साबणाचा वास येत होता त्याला. ती मोरीशी गेली, मूल नवीच्या हातात दिलं, फडकं तिच्या खांद्यावर टाकलं, आणि तिच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

“बांध,” ती म्हणाली. “मला येत नाही.”

“तुम्ही बसा,” नवी तिच्या कानाशी कुजबुजली. “कशाला पडता यात. बसा ना.”

“बांध म्हणते ना.”

वाकल्यावर माणसाला तोंडं दिसत नाहीत, हे एक बरं असतं. तिला फक्त फरशी दिसत होती आणि पाय. काकूंच्या फुगलेल्या टाचा. सासूबाईंची काठी. जुळ्यांच्या आईच्या पायात जांभळ्या पट्ट्यांचे मोजे, खालच्या चादरीवरचेच. त्या पायांना उद्देशून ती बोलली.

“मीच सांगितलं होतं रोज बांध म्हणून. महिना झाला. कडीही मीच लावायला लावली. ती नाही म्हणत होती.”

चिमणीचा आक्रोश चालूच होता. मग पाठीवर ओझं आलं. गरम, वळवळणारं. फडकं बगलेखालून पुढे आलं, छातीवर ओढलं गेलं, आणि नवीचे हात न चुकता गाठ मारून गेले. चिमणीची आई कडेवर घ्यायच्या सवयीने उजव्या बाजूला झुकायला गेली तशी नवी पटकन काहीतरी बोलली. तिच्या स्वतःच्या भाषेत. दोनच शब्द, पण या खोलीत ते सहा वर्षांत पहिल्यांदा उच्चारले गेले. अर्थ कळायची गरज नव्हती. आई पोरीला दटावते तसा सूर होता: सरळ उभी राहा. चिमणीची आई सरळ उभी राहिली. डाव्या पायावर, मग उजव्या. पुन्हा डाव्या. पाठीवरचं रडणं एक पायरी उतरलं. मग आणखी एक. मग हुंदके. मग मानेशी नुसता गरम श्वास.

“म्हणजे माझी मालिश नव्हे तर,” सासूबाई म्हणाल्या.

कुणालातरी हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. पण खोली सैलावली नाही. जुळ्यांची आई उठली. तिला आता दुहेरी राग होता. नवीचा होताच, पण जिची कीव केली तिनेच तोंडघशी पाडलं याचा त्याहून मोठा.

“दार वाजवत होते तेव्हा माझं काय झालं, ते तुमच्या पाठीवर झोपणार नाही,” ती चिमणीच्या आईला म्हणाली. आणि हे खरं होतं. चिमणीची आई ‘चुकलं माझं’ म्हणाली. जुळ्यांच्या आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, दोन्ही मुलांना दोन हातांना धरलं, आणि दारात वळून काकूंना म्हणाली, “आज पाठीवर घेतात, उद्या डोक्यावर बसतात. मी उद्यापासून दुसरीकडे बघते.”

तिच्यामागून आणखी एकजण गेली. बाकीचे बसून राहिले. काहींना पटलं म्हणून, काहींना उद्या मूल ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून. चष्मेवाले बाबा बराच वेळ चष्मा पुसत होते.

काकूंनी शेवटी वाद आपल्या हातात घेतला. झालं ते झालं, त्या म्हणाल्या. नवीने सगळ्यांसमोर शब्द द्यायचा, की हे फडकं पुन्हा जिना चढणार नाही, म्हणजे मिटलं. कामावर राहा. त्यांनी ते प्रेमाने म्हटलं. याहून जास्त त्यांना देता येत नव्हतं.

शब्द देणं सोपं होतं. सहा वर्षं नवी रोज तोच तर देत आली होती. चिमणीच्या आईला वाटलं, देईल. द्यावाच तिने, मुलाची शाळा आहे, घर आहे. तिने स्वतः दिला असता.

नवीने मोरीवरचं पालथं घातलेलं बाटल्यांचं ताट उगाच सरळ केलं.

“मूल पाळण्यात झोपत असेल तर पाळण्यात झोपवीन,” ती म्हणाली. “नाही झोपलं आणि त्याच्या आईने हो म्हटलं, तर बांधीन. पण कडी लावणार नाही. दार उघडं ठेवीन.”

“कामावरून काढलं तर?” काकूंनी विचारलं.

“काढा,” नवी म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण वाकला नव्हता. “मी माझ्या पोराला रडू दिलं काकू. हीच खिडकी लावून घ्यायचे, खाली बसलेल्या जावेला ऐकू जाऊ नये म्हणून. पुन्हा नाही व्हायचं माझ्याने.”

काकू तिच्याकडे बघत राहिल्या, जणू सहा वर्षांनी आज कुणीतरी नवी बाई कामाला आली होती. मग त्यांनी रिकाम्या पाळण्यांकडे पाहिलं. उद्या त्यांतले तीन रिकामेच राहणार होते.

“पाळणाघर तुझ्यावर टाकायचं ते आता राहू दे,” त्या म्हणाल्या. “लेकीकडे नंतर जाईन.” आणि पदरचं काहीतरी द्यावं तसं हळूच म्हणाल्या, “उद्या नेहमीच्या वेळेला ये. दार उघडं म्हणजे सताड उघडं. अर्धवट नाही.”

*

जिना उतरताना चिमणीच्या आईने कठडा धरला. पाठीवर मूल असलं की पाऊल कुठे पडतं ते बघून टाकावं लागतं. पुढे सासूबाई, काठी टेकत, तोंड शिवल्यासारख्या. घरी गेल्यावर काय व्हायचं ते होणारच होतं. मागून नवी येत होती, दोन पायऱ्या सोडून.

फाटकाशी जाऊ चादर आवरत होती. तिने मान वर केली ती चिमणीच्या आईकडे बघून नाही, निळ्या फडक्याकडे बघून. हात थांबले. मग तिची नजर मागे गेली, आणि ती काहीतरी बोलली, मोठ्याने, तिच्या नेहमीच्या रस्ताभर ऐकू जाणाऱ्या आवाजात.

वर पाळणाघराच्या खिडकीत तिघीचौघी उभ्या होत्या. सायकलवाला हातात चाक धरून बघत होता. नवीचं पाऊल सवयीने पुढे पडलं, चादर नसल्यासारखं, नुसता फुटपाथ असल्यासारखं. एक पाऊल. मग ती थांबली, वळली, आणि तिने जावेला उत्तर दिलं. त्याच भाषेत. पहिले शब्द अडखळत आले. बंद खोलीचं दार उघडताना फुगलेली चौकट घासावी तसे.

“काय म्हणतायत त्या?” चिमणीच्या आईने विचारलं.

“म्हणते, ही गाठ आहे का शेळीचं दावं.”

“तूच तर बांधलीस.”

“दुसरीच्या पाठीवर कधी बांधलं होतं मी,” नवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

जावेने बोलण्यात वेळ घालवला नाही. मोजे खाली ठेवले, पुढे आली, आणि न विचारता चिमणीच्या आईच्या छातीवरची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. तेवढा वेळ नवीने मागून दोन्ही तळव्यांवर मूल तोलून धरलं. सासूबाई चार पावलं पुढे जाऊन थांबल्या होत्या. त्यांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि काठी बगलेत धरून परत आल्या.

“मान लोंबकळतेय पोरीची,” त्या जावेला म्हणाल्या. “तिकडून जरा वर घ्या.”

जावेला शब्द कळले नाहीत, पण बोट कळलं. तिने फडकं वर ओढलं. चिमणीने झोपेत एक सुस्कारा टाकला आणि गाल आईच्या पाठीला आणखी घट्ट चेपला.